स्प्रिंग आवळली म्हणजे कडक झाली का?

साकीनाक्याच्या चौकातून तुम्ही कधी सायकलने गेला आहात का? गेला नसाल तर फारसे काही गमावलेले नाही. वर मेट्रोचा पूल, खाली अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या रिक्षा आणि बेस्टच्या बसगाड्या, आणि त्यांच्यामधून वाट काढणारे हातगाडीवाले. पावसाळ्यात यात खड्ड्यांची भर पडते. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, कुठे पेव्हर ब्लॉक, आणि या तिन्हींच्या सांध्यावर बोटभर उंचीची पायरी. मी या रस्त्याने रोज कॉलेजला जातो, पण बसने.

आमच्या शेजारचा नववीतला मुलगा मात्र सायकलने जातो. त्याच्याकडे हल्ली सर्वत्र दिसणारी, जाड टायरांची, पुढे आणि मागे स्प्रिंग असलेली सायकल आहे. डोंगरातल्या वाटांवरून जाण्यासाठी अशा सायकली निघाल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही हौशी मुलांनी १९७० नंतरच्या दशकात जुन्या दणकट सायकली डोंगरावरून खाली पिटाळायला सुरुवात केली, तिथे या प्रकाराचा उगम आहे. आपल्याकडे दुकानदार तिला ‘डबल शॉकअप’ म्हणतात आणि ती डोंगरावर कमी आणि खड्ड्यांत जास्त चालते.

गेल्या पावसाळ्यात हा मुलगा क्लासहून परतताना पडला. रस्त्यात केबलसाठी खणलेला आणि अर्धवट बुजवलेला एक चर होता. चराच्या कडेवर आल्यावर त्याने मागचा ब्रेक दाबला. मागचे चाक सरळ बाजूला सरकले आणि तो पडला. कोपराला चार टाके पडले. मागून येणारी रिक्षा वेळेवर थांबली म्हणून तेवढ्यावर निभावले. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी सायकल भंगारात द्यायचे ठरवले. तसे झाले असते तर क्लासला जायचे कसे, हा मुलाचा प्रश्न होता, कारण रोजचे रिक्षाचे भाडे घरात परवडणारे नव्हते.

सायकल माझ्या दारात आणून तो म्हणाला, “काका, ब्रेक नवीन आहेत, टायर नवीन आहेत. आणि मागची स्प्रिंग तर मी आठच दिवसांपूर्वी मुद्दाम टाइट करून घेतली होती. मेकॅनिक म्हणाला, आवळली की कडक होते, गाडी मजबूत राहते.”

मी म्हटले, “किती आवळली?”

“पाच फेरे.”

त्या पाच फेऱ्यांची ही गोष्ट आहे.

या सायकलीचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जोडलेले नसते. ते एका झुलत्या चिमट्यात बसवलेले असते. हा चिमटा पेडलजवळच्या एका खिळीभोवती वरखाली फिरतो, आणि चिमटा व सांगाडा यांच्या मध्ये शॉक, म्हणजे दांड्यावर चढवलेली स्प्रिंग, असते. स्प्रिंगच्या एका टोकाला आटे पाडलेले असून त्यावर एक कडे बसते. कडे फिरवले की ते पुढे सरकते आणि स्प्रिंग दाबली जाते. मेकॅनिकने हेच कडे पाच फेरे फिरवले होते. मी पट्टी लावून पाहिले. एका फेऱ्यात कडे सव्वा मिलिमीटर सरकत होते. म्हणजे पाच फेऱ्यांत सव्वासहा मिलिमीटर.

आता तुमच्या पाठ्यपुस्तकातला हूकचा नियम आठवा. रॉबर्ट हूक याने १६७८ साली तो प्रसिद्ध केला: स्प्रिंगची लांबी जितकी बदलते त्या प्रमाणात तिचे बल बदलते. एक मिलिमीटर दाबायला जेवढे बल लागते त्याला आपण त्या स्प्रिंगचा स्थिरांक म्हणू. हा स्थिरांक कशावर अवलंबून असतो? तार कोणत्या धातूची आहे, किती जाड आहे, वेटोळे केवढे आणि किती आहेत, यांवर. कडे कुठे आहे यावर नाही. कडे फिरवल्याने तार जाड होत नाही की वेटोळी कमी होत नाहीत. मग स्प्रिंग कडक कशी होईल?

पण हाताने दाबून पाहिले तर आवळलेली स्प्रिंग खरोखरच कडक लागते! हा भास का होतो ते शाळेच्या प्रयोगशाळेत दहा मिनिटांत पाहता येते. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून घ्यावा.

५० ग्रॅमला १ सेंटिमीटर ताणली जाणारी एक स्प्रिंग घ्या. (बारीकसारीक फरक चालेल.) ती स्टँडला टांगा, खाली हलकेसे पारडे आणि दर्शक लावा, शेजारी पट्टी उभी करा. आता स्प्रिंग हाताने ३ सेंटिमीटर ताणा आणि तिचा आकडा वर जाऊ नये म्हणून त्यावर एक आडवी पट्टी दुसऱ्या स्टँडला घट्ट बसवा. स्प्रिंग आता आधीच ताणलेली आहे, जशी आपली सायकलची स्प्रिंग आधीच दाबलेली आहे. पारड्यात ५० ग्रॅम टाका. दर्शक हलणार नाही. १०० ग्रॅम टाका, हलणार नाही. १५० ग्रॅमपर्यंत ती जणू दगड आहे. मात्र २०० ग्रॅम टाकताच दर्शक १ सेंटिमीटर खाली येतो, २५० ला २ सेंटिमीटर. पुन्हा तेच, ५० ग्रॅमला १ सेंटिमीटर! वजन आणि दर्शकाचे सरकणे यांचा आलेख काढा. न आवळलेल्या स्प्रिंगची रेषा आणि आवळलेलीची रेषा एकमेकींना समांतर येतील. चढ तोच, फक्त सुरुवात उशिरा.

म्हणजे आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, हलायला उशीर करते. एवढे लक्षात आले की मुलाच्या पडण्याचे कारण निम्मे सापडले.

उरलेले निम्मे सापडण्यासाठी आम्ही रविवारी सकाळी मोजमापे घेतली. साहित्य अगदी साधे होते: मापनपट्टी, घरातला वजनकाटा, एक वीट, दोरी आणि पाणा.

प्रथम मागचे चाक वजनकाट्यावर ठेवले. पुढचे चाक काट्याच्याच उंचीच्या विटेवर ठेवले, नाहीतर सायकल मागे झुकून आकडा चुकतो. मुलगा नेहमीसारखा सीटवर बसला, दोन्ही पाय पेडलवर. मी सायकल नुसती तोल जाऊ नये इतकी धरली. काट्याने ३४ किलोग्रॅम दाखवले. मुलाचे वजन ४१ आणि सायकलचे १७, एकूण ५८. त्यातले निम्म्याहून अधिक मागे. या ३४ पैकी चाक आणि चिमटा यांचे सुमारे ४ किलोग्रॅम स्प्रिंगच्या खाली असते, त्याचा भार स्प्रिंगवर येत नाही. उरले ३० किलोग्रॅम. १ किलोग्रॅमचे १० न्यूटन धरले तर ३०० न्यूटन.

पण स्प्रिंगवर ३०० न्यूटन येत नाहीत. झुलता चिमटा ही तरफ आहे. खिळ हा टेकू, चाक लांबच्या टोकाला आणि शॉक टेकूच्या जवळ. किती पट फरक आहे ते पाहण्यासाठी आम्ही कडे पूर्ण सैल करून स्प्रिंग काढली, सांगाडा दोरीने खिडकीच्या गजाला बांधला आणि चाक ५० मिलिमीटर वर उचलले. शॉकची लांबी, म्हणजे त्याच्या दोन बोल्टांमधले अंतर, १६५ वरून १४५ मिलिमीटर झाली. ५० ला २०, म्हणजे अडीच पट. ऊर्जा कुठे नाहीशी होत नाही, म्हणून अंतर अडीच पट कमी झाले तर बल अडीच पट वाढलेच पाहिजे. शॉकवरचा भार झाला ७५० न्यूटन. (चाक आणखी उचलले तर १३५ मिलिमीटरला शॉक टेकला. म्हणजे शॉकला दबायला एकूण ३० मिलिमीटर जागा आणि चाकाला ७५.)

स्प्रिंगवर ७५० हा आकडा छापलेला होता. हे ७५० वेगळे. ते पौंड प्रति इंच आहेत. एवढा जुना एकक अजून का वापरतात हे कारखानदारच जाणोत. एक पौंड बल म्हणजे ४.४५ न्यूटन आणि इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा ही स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला सुमारे १३१ न्यूटन लागतात.

आता गुणाकार करा. सव्वासहा मिलिमीटर आवळली, म्हणजे स्प्रिंगमध्ये आधीच ६.२५ × १३१ = सुमारे ८२० न्यूटन साठवलेले. मुलगा बसल्यावर येणारा भार ७५०. भार कमी आणि साठवण जास्त! स्प्रिंग परत बसवून, कडे पूर्वीसारखे पाच फेरे आवळून मी मुलाला सीटवर बसवले आणि बोल्टांमधले अंतर मोजले. तो बसण्यापूर्वी १६५, बसल्यावरही १६५. त्याने स्वतः तीनदा मोजून पाहिले.

“मग बिघडलं कुठे? उंचवटा आला की दबेलच ना?” तो म्हणाला.

दबेल. उंचवट्याचे काम ती करतेच. बिघडते ते खड्ड्यात. चाकाला वर जायला ७५ मिलिमीटर जागा आहे. पण खाली जायला? शॉक आधीच पूर्ण लांब झालेला आहे, चाक आणखी खाली जाऊ शकत नाही. रस्ता खाली गेला की चाक हवेत लोंबकळते आणि सगळ्या सायकलबरोबर पडत पडत खाली येते. नीट लावलेल्या शॉकमध्ये असे होत नाही. स्वाराच्या भाराने स्प्रिंग थोडी दबलेली असते, आणि रस्ता खाली गेला की ती चाकाला खाली ढकलते. स्वाराच्या वजनाने होणाऱ्या या दबण्याला आपण ‘बैठक’ म्हणू. बैठक म्हणजे चाकाला खाली जाण्यासाठी राखून ठेवलेली जागा.

हा फरक किती मोठा आहे? समजा, बैठक चाकाशी मोजून १८ मिलिमीटर आहे आणि चराची कड तेवढीच खोल आहे. ४ किलोग्रॅमच्या चाक-चिमट्यावर स्प्रिंगचे ३०० न्यूटन आणि स्वतःच्या वजनाचे ४० न्यूटन खाली लागतात. सुरुवातीचे त्वरण ८५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या साडेआठ पट! स्प्रिंग सैल होत जाते तसे ते कमी होते. तो हिशेब केला तर चाक सुमारे ०.०२२ सेकंदात जमिनीला लागते. बैठक नसेल तर केवळ गुरुत्वाने १८ मिलिमीटर पडायला ०.०६ सेकंद लागतात. ताशी १५ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर, सायकल या वेळात अनुक्रमे ९ आणि २५ सेंटिमीटर जाते. वीतभरापेक्षा जास्त अंतर चाकाखाली रस्ताच नाही!

आणि आमच्या मित्राने नेमका त्याच क्षणी ब्रेक दाबला होता. जमिनीवरचे चाक ब्रेक लावल्यावर घर्षणामुळे फिरतच राहते, हळू होत जाते. हवेतल्या चाकाला फिरवणारे कोणी नाही, ते तत्काळ थांबते. थांबलेले चाक ओल्या पेव्हर ब्लॉकवर टेकले की ते घसरते, आणि घसरणाऱ्या चाकाला बाजूला जायला कोणतीही दिशा चालते. नवे ब्रेक, नवे टायर यांचा इथे काही उपयोग नाही.

बैठक किती असावी? शॉकच्या एकूण जागेच्या पाचवा ते तिसरा हिस्सा यांच्या दरम्यान. साधारण पाव धरून सुरुवात करावी. आपल्या शॉकमध्ये ३० चा पाव म्हणजे साडेसात मिलिमीटर. आम्ही कडे सोडत आणले आणि फक्त एक फेरा ठेवला. तेवढा हवाच, नाहीतर स्प्रिंग सुटी होऊन खडखडते. मुलगा बसला: १६५ वरून १६० आणि १६१ च्या मध्ये. साडेचार मिलिमीटर. आकडेमोडही तेच सांगते: ७५० भागिले १३१ म्हणजे ५.७, त्यातून सव्वा वजा.

साडेचार म्हणजे जेमतेम १५ टक्के, आणि कडे तर पुरते सोडून झाले. याचा अर्थ ही स्प्रिंगच या मुलासाठी जास्त कडक आहे. ती मोठ्या माणसाच्या वजनाला बनवलेली आहे. हे दुकानात कोणी सांगत नाही. सायकल मुलाच्या उंचीवरून विकतात आणि त्याच्या वजनाचा कोणी विचार करत नाही. कोणती स्प्रिंग हवी ते आता तुम्हीच काढू शकाल: साडेसात अधिक सव्वा, पावणेनऊ मिलिमीटर दबून ७५० न्यूटन देणारी. ७५० भागिले ८.७५, सुमारे ८६ न्यूटन प्रति मिलिमीटर. पौंड-इंचांत ४९०.

खैरानी रोडच्या बाजूला लहान लहान कारखान्यांचे गाळे आणि भंगाराची गोदामे आहेत. काय मिळत नाही तिथे! जुन्या सायकली मोडणाऱ्या एका दुकानात आम्ही स्प्रिंगांचा डबा उपसला. त्यात त्याच आतल्या व्यासाची, त्याच लांबीची, ५०० लिहिलेली एक सापडली. पन्नास रुपये. दुकानदाराने ती गंजलेली म्हणून नको सांगितले. मी गंज वरवरचा आहे आणि कुठे तडा नाही हे पाहून घेतली. घरी बसवून एक फेरा दिला, मुलगा बसला, अंतर १५८ च्या जरा खाली आले. सात मिलिमीटरांहून थोडे अधिक, २४ टक्के. मुलाचा चेहरा परीक्षेत गणिताचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळल्यावर होतो तसा झाला.

मग कडे असते कशासाठी? थोड्याफार वजनाच्या फरकासाठी. मुलाचे वडील त्याच सायकलवर बसले तर शॉक १२ मिलिमीटर दबतो. चार फेरे आवळले की बैठक पुन्हा सातच्या आसपास येते. स्प्रिंग तीच राहिली, सायकलची उंची परत मिळाली. मोटारसायकलच्या मागच्या शॉकवर तळाशी पायऱ्या असलेले कडे असते ना, पुष्कळदा पाच खाचांचे? मागे कोणी बसणार असेल तर ते वरच्या खाचेत सरकवतात, तेही याच कारणाने. एकटे फिरताना ते सर्वांत वरच्या खाचेत ठेवणारे पुष्कळ जण मी पाहतो. मोटारसायकलचा शॉक मात्र घरी उघडू नका, त्यातली स्प्रिंग फार जोराची असते. सायकलच्याही ज्या शॉकमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते, तो कधीही खोलू नये; त्यात बैठक हवेचा दाब बदलून साधतात.

आता दुसरी बाजू. दबलेली स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. परत देताना ती स्वाराला उडवते, मग पुन्हा दबते, पुन्हा उडवते. आपल्या सायकलीची नैसर्गिक वारंवारता काढू. चाकाशी मोजलेला स्थिरांक शॉकच्या स्थिरांकाला अडीचच्या वर्गाने भागून मिळतो (एकदा बलासाठी, एकदा अंतरासाठी): ८७.६ भागिले ६.२५, म्हणजे १४ न्यूटन प्रति मिलिमीटर. वस्तुमान ३० किलोग्रॅम. पुढच्या वर्गांत येणारे सूत्र वापरले तर सेकंदाला सुमारे साडेतीन आंदोलने येतात. रस्त्यावर सव्वा-सव्वा मीटरवर उंचवटे असतील आणि वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर धक्केही सेकंदाला जवळजवळ तितकेच बसतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिल्यासारखे होते आणि उड्या वाढत जातात. उपाय सोपा: वेग कमी किंवा अधिक करा. कमी केलेला बरा.

चांगल्या शॉकमध्ये ही उसळी मारायला तेल असते. दांड्याच्या टोकाचा दट्ट्या तेलात सरकतो आणि तेल बारीक छिद्रातून जाते. ऊर्जेची उष्णता होते. औषधाच्या सुईशिवायच्या सिरिंजमध्ये पाणी भरून दट्ट्या दाबा, मग खोबरेल भरून दाबा, कल्पना येईल. हळू दाबले तर जाते, जोरात दाबले तर अडते. आमच्या साकीनाक्याच्या डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी जी विमाने जातात त्यांच्या पायांतही तेल आणि दाबलेला वायू यांचा असाच शॉक असतो. काही सायकलींवर उसळीचा वेग ठरवणारी एक लहान चकती असते. ती लावायची रीत अशी: सीटवर बसूनच पदपथाच्या कडेवरून हळूच खाली उतरा. सायकल दबावी, वर यावी, एकदा किंचित हलून थांबावी. दोन-तीनदा डोलली तर चकती आवळा. मात्र फार आवळू नका. मग स्प्रिंग पुढचा खड्डा येण्यापूर्वी पूर्ण उघडतच नाही, आणि सलग पेव्हर ब्लॉकवर ती दबत दबत खाली बसून राहते. बैठक नीट लावूनही चाकाला वर जायला जागा उरत नाही.

आमच्या मित्राच्या शॉकमध्ये तेल नव्हते. स्वस्त सायकलींत बहुधा नसतेच. नुसता दांडा आणि नळी, आणि त्यांचे घर्षण. त्याची सायकल चार वेळा डोलायची. त्यावर आमच्याकडे इलाज नव्हता आणि तसे मी त्याला सांगितले. खरे सांगायचे तर शाळेत जाण्यासाठी मागची स्प्रिंग नसलेली साधी सायकल मी पसंत केली असती: वजन कमी, पेडलचा जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जात नाही, आणि पहिली स्प्रिंग तर प्रत्येक सायकलीत असतेच. ती म्हणजे टायरमधली हवा. १८८८ साली डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली ती धक्के कमी व्हावेत म्हणूनच. मुलाचे टायर मेकॅनिकने दगडासारखे फुगवले होते. टायरच्या कडेवर दाबाची किमान आणि कमाल मर्यादा छापलेली असते; आम्ही हवा मधल्या आकड्यावर आणली. त्याने बराच फरक पडला.

त्याच संध्याकाळी मुलाने त्या चराच्या कडेवरून, रस्ता मोकळा असताना आणि मी मागे उभा असताना, सायकल तीन वेळा नेली. चाक कडेवरून खाली उतरताना टप्प असा आवाज आला, पूर्वीचा धाड्‌ नाही. ब्रेक मात्र त्याने कडेच्या अलीकडे, सपाट जागेवर लावला. हे त्याने स्वतःहूनच केले. वडिलांनी सायकल भंगारात दिली नाही. त्यांनी फक्त मापनपट्टी परत मागितली.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. वर्षभरात त्या मुलाचे वजन वाढले आणि स्प्रिंगवर येणारा मागचा भार ३० ऐवजी ३४ किलोग्रॅम झाला. स्प्रिंग ८७.६ न्यूटन प्रति मिलिमीटर, तरफ अडीच पट, कडे एक फेरा आवळलेले. शॉक आता किती दबेल? बैठक पुन्हा साडेसात मिलिमीटर करायची तर कडे आणखी किती फिरवावे? आणि तेवढे फिरवल्यावर सायकलीची नैसर्गिक वारंवारता पूर्वीपेक्षा वाढेल, कमी होईल, की तीच राहील? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यापूर्वी दोनदा विचार करा.